गाडी डावीकडेच का वळते?

परळ-लालबाग भागातील शालेय विज्ञान-प्रदर्शनांत एक गाडी हमखास भेटते. पुठ्ठ्याचा सांगाडा, बाटलीच्या बुचांची चाके, आस म्हणून बांबूच्या काड्या. मागे सुबक अक्षरांतला तक्ता : ‘घर्षण कमी केल्यास गाडी दूर जाते.’ विद्यार्थी ती उतरत्या फळीवरून सोडतो. गाडी मीटरभर जाते, डावीकडे वळते आणि टेबलावरून खाली पडते. मुलगा ओशाळतो, शिक्षक म्हणतात, “मघाशी नीट चालली होती,” आणि परीक्षक तक्ता पाहून गुण देतात. मीही परीक्षक म्हणून असेच गुण दिले आहेत. तेव्हा ही टीका आधी माझ्यावरच आहे.

गाडी वळली, याबद्दल माझी तक्रार नाही. ती का वळली, हे कोणी विचारले नाही, ही तक्रार आहे. त्या टेबलावर खरे विज्ञान घडले ते नेमके त्या क्षणी, आणि आपण त्याला ‘बिघाड’ म्हणून बाजूला सारले.

थोडे गणित करून पाहू. गाडी ६ सेंमी रुंद आहे, दोन आसांत १० सेंमी अंतर आहे आणि चाके आसावर सुटी फिरतात असे धरा. छिद्र पाडताना एका बाजूचे छिद्र फक्त १ मिमी पुढे गेले, तर तो आस सुमारे १ अंशाने तिरका बसतो. आता दोन शक्यता आहेत. दोन्ही आस सारखेच तिरके, म्हणजे परस्परांना समांतर असतील, तर गाडी सरळच जाते, फक्त थोडी तिरपी. ३ मीटरमध्ये ती ५ सेंमी बाजूला सरकेल. पण एकच आस तिरका असेल, तर गाडी सुमारे ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर धावू लागते आणि तेवढ्याच अंतरात जवळजवळ पाऊण मीटर बाजूला जाते! चूक तीच, एक मिलिमीटरची, परिणाम पंधरापट. आस चौकटीशी काटकोनात असण्यापेक्षा ते एकमेकांना समांतर असणे अधिक महत्त्वाचे, हे भूमितीच्या तासाला किती मुलांच्या हाताला कळते?

अमेरिकेत १९५३ साली डॉन मर्फी यांनी बालवीरांसाठी ‘पाइनवुड डर्बी’ सुरू केली. पाइन लाकडाचा ठोकळा, चार खिळे आणि चार चाके यांतून मुलाने गाडी करायची आणि उतारावरून सोडायची. तिथे खिळा तिरका असेल, तर चाक मार्गाच्या मधल्या पट्टीला घासते आणि गाडी मागे पडते. निकाल तक्ता देत नाही, मार्ग देतो; हा त्या खेळाचा मोठा गुण. दोष असा की कोण पहिला आला एवढेच कळते, का आला ते नाही. शिवाय गाडी मुलाने केली की वडिलांनी, हा प्रश्न उरतोच. खेळाची नक्कल नको, त्यातली कसोटी घ्यावी.

आपल्याकडे उदाहरणांची वाण नाही. चाळींतली मुले फळीला जुन्या बेअरिंगची चाके लावून गाडी करीत आणि पुढची आडवी पट्टी पायाने वळवीत. आसाची चूक पाय भरून काढी. परळ आणि लोअर परळ येथील रेल्वे कारखान्यांमुळे या भागाचे चाकांशी जुने नाते आहे. रेल्वेची दोन चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात आणि रुळावर टेकणारी त्यांची बाजू किंचित शंकूसारखी असते. जोडी एका बाजूला सरकली की त्या बाजूचे चाक मोठ्या परिघावर फिरते, दुसरे लहान. आणि जोडी आपोआप मध्याकडे वळते. पुठ्ठ्याच्या गाडीला ना पाय, ना शंकू. म्हणून तिची चूक लपत नाही, आणि म्हणूनच ती उत्तम शिक्षक आहे.

वर्गात करायचे ते एवढेच. फरशीवर खडूने ३ मीटर रेघ ओढा. गाडी दहा वेळा सोडा आणि दर वेळी ती रेघेपासून किती सरकली ते मोजा. मग त्याच रेघेवर, पण दुसऱ्या टोकाकडून सोडा. दोन्ही वेळा गाडी स्वतःच्या डावीकडे वळली, तर दोष आसात. दोन्ही वेळा खिडकीच्याच बाजूला गेली, तर दोष फरशीच्या उतारात. त्यानंतर दोन्ही बाजूंचे पुठ्ठे एकावर एक ठेवून चारही छिद्रे एकदमच आरपार पाडा आणि पुन्हा मोजा.

परीक्षकांना एक विनंती. तक्त्याचे निम्मे गुण काढून या मोजमापांच्या वहीला द्यावेत. ज्या मुलाची गाडी वळली आणि ज्याने ती का वळली हे शोधले, तो सरळ गाडीवाल्यापेक्षा काकणभर अधिक शिकला आहे. त्याला ओशाळायला लावू नये.