ड्रोनला न दिसणारं पळसदेव

उन्हाळा कडक झाला की माझ्या फोनवर पळसदेव येतं. उजनीचं पाणी उतरतं, पळसनाथाचं मंदिर वर येतं आणि पाठोपाठ रील्स येतात. 2024 साली मंदिर जवळजवळ पूर्ण उघडं पडलं, तेव्हा तर दर तिसरी रील तीच होती. इतक्या लोकांनी बघितलेल्या गोष्टीची समीक्षा व्हायला हवी, म्हणून हा लेख.

आधी श्रेय देतो. विटांचं ते उंच शिखर आणि खालचं दगडी बांधकाम ड्रोनमुळे जसं दिसतं, तसं काठावरून दिसत नाही. माझ्या वयाच्या कितीतरी सोलापूरकरांना हे मंदिर रीलमुळेच कळलं.

पण या रील्सचा साचा ठरलेला आहे. वरून गिरकी, शंखनाद आणि 'रहस्य' हा शब्द. मंदिर जणू कुणाला आत्ताच सापडलं! ते हरवलेलंच नव्हतं. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं आणि अख्खं गाव पाण्याखाली गेलं. नवं पळसदेव पुणे-सोलापूर महामार्गालगत वसलंय, तिथल्या जुन्या माणसांना मंदिर कुठं आहे हे पाणी असतानाही माहीत असतं. रहस्य म्हटलं की 'कुणी बुडवलं, कशासाठी' हे विचारावं लागत नाही.

उत्तर अवघड नाही. माझ्या घरच्या नळाला चार-पाच दिवसांआड येणारं पाणी उजनीचं आहे. जिल्ह्यातला ऊसही त्यावरच उभा आहे. म्हणजे रील बघणारा मी या गोष्टीत नुसता प्रेक्षक नाही, लाभार्थी आहे. ही बाजू एकाही रीलमध्ये येत नाही.

दुसरा घोळ आकड्यांचा. 'उजनी उणे 50 टक्के' वाचून धरण कोरडं पडलं असं वाटतं. प्रत्यक्षात टक्केवारी काढतात ती सुमारे 53.5 टीएमसी उपयुक्त साठ्यावर. त्याखाली जवळपास 63.5 टीएमसी मृतसाठा असतो. उणे 50 म्हणजे त्यातलं साधारण 27 टीएमसी संपलं, 36 च्या वर अजून शिल्लक आहे. 21 मे 2024 ला, मंदिराच्या रील्स जोरात असताना, याच जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. धरणानं तोडलेल्या गावांना आजही असं पाण्यावरून जावं लागतं. 'आटलेल्या' उजनीत माणसं बुडतात, हे त्या ड्रोनच्या चौकटीत बसत नाही.

मग असं काम चांगलं कसं होतं? 1980 सालीच स्कॉटलंडच्या लॉख टे तलावात ओकबँक इथं पाण्याखालचं उत्खनन सुरू झालं. क्रॅनॉग म्हणजे पाण्यात खांब रोवून बांधलेलं घर. तिथं सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं लाकडी भांडं मिळालं, त्यात लोण्याचे अंश होते. एवढ्याशा गोष्टीनं ते घर राहतं वाटू लागतं. आपल्या रील्समध्ये देऊळ आहे, पण चूल नाही, जातं नाही, कुणाचा उंबरा नाही.

मराठीत हे काम विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'नं 1991 मध्येच केलंय. ही कादंबरी दुसऱ्या धरणाची आहे, पण तिचं लक्ष पाण्याकडे नाही. गाव उठल्यावर कागदपत्रं, मोबदला आणि नव्या जागेच्या मागे फिरताना माणसाचं काय होतं, तिकडे आहे. रील जिथं संपते, तिथं ती सुरू होते. जाडजूड आहे, पण ज्याला पळसदेवची रील आवडली त्यानं ती वाचावीच.

कुणी म्हणेल, तीस सेकंदांत एवढं कसं मावणार? मावतं. गिरक्या कमी करा आणि कॅमेरा एखाद्या आजोबांच्या हातात द्या. 'हा आमचा वाडा, ही तालीम' एवढं त्यांनी बोट दाखवून सांगितलं तरी पुरे. धरण भरलं तेव्हा विशीत असलेली माणसं आज पासष्टी-सत्तरीत आहेत. मंदिर दगडाचं आहे, ते पुढच्या दुष्काळातही वर येईल. कुणाचं घर कुठं होतं हे सांगणारी माणसं तेव्हा असतीलच असं नाही.