उणीव कोणाला दिसली?

हेन्री पेट्रोस्की यांचं ‘द इव्होल्युशन ऑफ यूजफुल थिंग्ज’ (१९९२) हे पुस्तक काटे-चमच्यांपासून कागदाच्या क्लिपपर्यंतच्या वस्तूंची कुळकथा सांगतं. त्यांचा सिद्धान्त असा, की वस्तूला रूप मिळतं ते आधीच्या वस्तूतल्या उणिवेमुळे. मग ती खरी असो वा भासणारी. एकट्या प्रतिभावंताच्या दंतकथेवर हा चांगला उतारा आहे.

आता आपली चेन घ्या. व्हिटकॉम्ब जडसन यांनी १८९३मध्ये पेटंट घेतलं, पण त्यांची चेन भलत्या वेळी उघडायची. ती उणीव गिडियन सुंडबॅक यांनी दूर केली. १९१७मध्ये त्यांना पेटंट मिळालं. इथवर पेट्रोस्की बरोबर.

पण पुढे काय झालं? नीट चालणारी चेनही कपड्यांत रुळायला १९३०चं दशक उजाडलं. तोवर बटणांवर बहुतेकांचं भागतच होतं की! मधल्या काळात, १९२३मध्ये, गुडरिच कंपनीने आपल्या बुटांसाठी ‘झिपर’ हे नाव बाजारात आणलं.

म्हणजे बघा, उणीव नुसती वस्तूत नसते, ती आपल्या अपेक्षेत असते. आणि अपेक्षा घडवण्यात विकणाऱ्याचाही हात असतो. ‘भासणारी’ म्हणताना भास कोण निर्माण करतं, हे विचारायलाच हवं. नाहीतर चांगली चालणारी वस्तूही आपण निकामी समजून टाकत राहू.