‘चेर्नोबिल’ : बटण दाबल्यावर काय झाले?

रहस्यकथेत ‘खुनी कोण?’ हा प्रश्न शेवटपर्यंत राखून ठेवलेला असतो. ‘चेर्नोबिल’ (2019) या पाच भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेत राखून ठेवलेला प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे. अणुभट्टी बंद करण्याचे बटण दाबल्यावरच स्फोट कसा झाला?

उत्तर शेवटच्या भागात मिळते. शास्त्रज्ञ लेगासोव न्यायालयात तांबड्या व निळ्या पाट्या मांडतात. अभिक्रिया वाढवणारे घटक तांबडे, रोखणारे निळे. 26 एप्रिल 1986 च्या रात्री भट्टीची शक्ती फार खाली आली होती. न्यूट्रॉन शोषणारा झेनॉन साचला. शक्ती वाढवण्यासाठी बहुतेक नियंत्रक कांड्या वर ओढल्या गेल्या. बटण दाबताच त्या खाली निघाल्या. कांड्यांत न्यूट्रॉन शोषणारे बोरॉन होते, पण त्यांच्या खालच्या अंगाला ग्राफाईट होते. त्याने तळाकडचे पाणी बाजूला सारले. हे पाणीही काही न्यूट्रॉन शोषत होते. ते हटल्याने अभिक्रिया मंदावण्याऐवजी भडकली. वर्गात रंगीत पाट्या घेऊन हे आपल्याला सहज दाखवता येईल.

दुसरा एक धागाही शिक्षकांच्या कामाचा आहे. पहिल्या भागात मापकावर तासाला 3.6 रोंटजेन हा आकडा दिसतो आणि अधिकारी निर्धास्त होतात. तो तर त्या उपकरणाचा कमाल आकडा! काटा जिथे थांबतो तिथे किरणोत्सारही थांबतो असे नाही.

मालिकेचा विषय असत्याची किंमत हा आहे. म्हणूनच तिने घेतलेली मोकळीक तपासायला हवी. 1987 च्या खटल्यात लेगासोव नव्हतेच. 1986 मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत त्यांच्या अहवालाने मुख्य दोष कामगारांवर ठेवला होता. कांड्यांचा दोष 1983 मध्येच लिथुआनियातील इग्नालिना येथे दिसला होता, पण आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या अहवालात रचनेतील दोषांना पुरेसे वजन मिळायला 1992 साल उजाडले. तोवर कामगारांना शिक्षा होऊन गेली होती. उलाना खोम्यूक हे पात्र काल्पनिक आहे, हे मालिका शेवटी सांगते. पण गर्भातील बाळाने किरणोत्सार स्वतःवर घेतला म्हणून आई वाचली, या विधानाला वैज्ञानिक आधार नाही आणि ते मात्र तसेच सोडून दिले आहे.

मालिका विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी. नंतर त्यांच्याकडून दोन याद्या करून घ्याव्यात : पुरावा कशाला आहे आणि नाट्यासाठी काय घातले आहे.