तात्यांची जपानची पत्रं

लढाई १९४५ साली संपली, तरी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण १९४६ साली जपानात पहाऱ्याला गेली. आमचे तात्या तिच्यात. त्यांची औंधाला आलेली पत्रं आणि त्यांनी ट्रंकेतून परत आणलेली काकीची उत्तरं मी वाचली. ‘पत्रास कारण की’पासून सगळं आज्याला, काकीच्या वाट्याला शेवटची ओळ. जपानविषयी ‘बर्फ पडतं’ एवढंच, ही उणीव खरी. पण पत्रं कोरडी म्हणणं मला पटत नाही. वाचणारे मास्तर, ऐकायला सासू-सासरे. नवरा-बायको बोलणार काय? तात्या विचारतात, “तांबडी गाय अजून मारते का?” काकीनं मास्तरांकरवी कळवलं, “मारत न्हाई. पर दावणीला हुबी ऱ्हाऊन वाटंकडं बघती.” मास्तरांनी फक्त ‘पर’ खोडून ‘पण’ केलंय.