जाळलेले उष्मांक परत खावेत का?

हर्मन पाँट्झर यांचे 'बर्न' हे पुस्तक २०२१ साली प्रसिद्ध झाले. लेखक अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातले मानवशास्त्रज्ञ आहेत. शरीर ऊर्जा कशी खर्च करते हा त्यांच्या संशोधनाचा विषय. पुस्तक वाचनीय आहे, विनोदी आहे आणि त्यातले मुख्य विधान आपल्या पाठ्यपुस्तकी समजुतीला धक्का देणारे आहे. म्हणूनच ते जरा बारकाईने तपासले पाहिजे असे आम्हाला वाटते.

आधी प्रश्न काय आहे ते पाहू. समजा, ७० किलो वजनाच्या एका गृहस्थांनी वजन उतरवण्यासाठी आहारात रोज ५०० उष्मांकांची तूट ठेवायचे ठरवले. (येथे उष्मांक म्हणजे किलोकॅलरी, पदार्थविज्ञानातली कॅलरी याच्या हजाराव्या भागाइतकी असते, आणि हा घोटाळा वर्गात दरवर्षी होतो.) संध्याकाळी ते तासभर चालून आले. मनगटावरच्या घड्याळाने ३०० उष्मांक जळाल्याचे सांगितले. वाटेत वडापावची गाडी लागते, आणि एका वडापावचे उष्मांकही साधारण तेवढेच. मग तो खाल्ला तर हिशेब जिथल्या तिथे राहिला, असे म्हणता येईल काय?

किराणा दुकानाच्या वहीप्रमाणे पाहिले तर येईल. जमा तेवढा खर्च. पाँट्झर यांचे म्हणणे असे की शरीर अशी वही ठेवत नाही. हालचालीवरचा खर्च वाढला की शरीर इतरत्र काटकसर करते आणि दिवसाचा एकूण खर्च फारसा वाढू देत नाही. याला ते मर्यादित ऊर्जाव्ययाचे प्रारूप म्हणतात.

या मताचा उगम टांझानियाच्या उत्तर भागातल्या हाड्झा लोकांच्या अभ्यासात आहे. हे लोक शिकार करून, कंदमुळे खणून आणि मध गोळा करून जगतात. पुरुष दिवसाला सरासरी ११.४ किलोमीटर चालतात, स्त्रिया ५.८ किलोमीटर. त्यांचा ऊर्जाव्यय मोजण्यासाठी वापरलेली पद्धत मात्र आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात सुंदर भाग आहे, आणि नववी-दहावीच्या मुलांना ती सहज सांगता येते. माणसाला असे पाणी प्यायला द्यायचे, ज्यातला काही हायड्रोजन ड्यूटेरियम आहे आणि काही ऑक्सिजन १८ अणुभाराचा आहे. दोन्ही समस्थानिके किरणोत्सारी नाहीत. ड्यूटेरियम शरीराबाहेर जातो तो फक्त पाण्यावाटे, म्हणजे लघवी, घाम आणि बाष्प यांतून. जड ऑक्सिजन पाण्यावाटे तर जातोच, शिवाय उच्छ्वासातल्या कार्बन डाय-ऑक्साइडवाटेही जातो. म्हणून तो लवकर कमी होतो. आठवडा-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासून दोघांच्या घटीतला फरक काढला, की किती कार्बन डाय-ऑक्साइड तयार झाला ते कळते आणि त्यावरून किती अन्न जळाले तेही. माणूस मोकळा हिंडत असतो, तोंडाला मुखवटा नाही की खोलीत कोंडणे नाही. नेथन लिफसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर ही पद्धत प्राण्यांसाठी बसवली. माणसांत ती वापरली गेली १९८२ साली, कारण जड ऑक्सिजन फार महाग होता.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ३० हाड्झा होते. पुरुषांचा दिवसाचा खर्च सरासरी २६४९ उष्मांक भरला, तर तुलनेसाठी घेतलेल्या पाश्चात्त्य पुरुषांचा ३०५३. शरीराच्या आकारमानाचा हिशेब केल्यावर दोघांत फरक उरला नाही. मैलोन्‌मैल चालणारा शिकारी आणि खुर्चीवर बसणारा कारकून सारखेच जाळतात, ही बातमी जगभर गेली.

इथे गणिताच्या शिक्षकांनी थांबावे. हाड्झा पुरुषाचे सरासरी वजन ५०.९ किलो, पाश्चात्त्याचे ८१ किलो. साधा भागाकार केला तर दर किलोमागे हाड्झा ५२ उष्मांक जाळतो आणि पाश्चात्त्य ३८ देखील नाही. मग फरक नाही कसा? उत्तर असे की हा भागाकारच फसवा आहे. चरबी फार थोडी ऊर्जा खाते, आणि वजन दुप्पट झाले म्हणून खर्च दुप्पट होत नाही. आलेखावरची रेषा आरंभबिंदूतून जात नाही. म्हणून चरबीविरहित वस्तुमान धरून रेषा काढणे योग्य, आणि संशोधकांनी तेच केले. येथवर आम्ही पाँट्झर यांच्या बाजूचे आहोत.

पण त्याच निबंधाच्या सारांशात आणखी एक वाक्य आहे. एकूण खर्चाला आधारभूत चयापचयाने भागल्यावर येणारे गुणोत्तर, ज्यावरून माणूस किती हालचाल करतो ते ठरवतात, हाड्झांमध्ये जास्त भरले. हा आधारभूत चयापचय प्रत्यक्ष मोजलेला नव्हता, सूत्रावरून काढलेला होता. म्हणजे काटकसर नेमकी कुठे होते हे या मोजणीतून दिसतच नाही. तीस माणसांच्या अभ्यासातून एवढी एकच गोष्ट निश्चित निघते, की हालचाल आणि एकूण खर्च यांचे नाते आपण समजत होतो तितके सरळ नाही. पुस्तकाचा सूर मात्र याहून बराच चढा आहे.

पुढे जास्त माणसे मोजली गेली तसा दावा सौम्य झाला. २०२१ साली १७५४ प्रौढांच्या मोजण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, ज्यात पाँट्झरही सहभागी होते, सरासरी काटकसर २८ टक्के निघाली. म्हणजे हालचालीवर १०० उष्मांक जास्त गेले तर दिवसाचा एकूण खर्च ७२ ने वाढतो. शून्याने नव्हे. स्थूल व्यक्तींत ही काटकसर निम्म्याच्या आसपास गेली. पण स्थूल असल्यामुळे शरीर काटकसर करते की काटकसरी शरीरच स्थूल होते, हे अशा तुलनेतून ठरत नाही. अमेरिका आडवी पार करणाऱ्या धावपटूंची गोष्ट याच अंगाने वाचावी. २०१५ च्या त्या स्पर्धेत ते महिनोन्‌महिने जवळजवळ रोज मॅरेथॉनइतके अंतर धावत होते. अखेरीस त्यांचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ६०० उष्मांकांनी कमी भरला. काटकसर खरी, पण तरीही ते बैठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त जाळत होते.

आमची खरी तक्रार वेगळीच आहे. शरीर खर्च सावरून घेते हे विधान गिरणीच्या किंवा उसाच्या फडाच्या दारात नेऊन ठेवले तर काय होईल? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात बैठे काम करणाऱ्या पुरुषाला २११० उष्मांक आणि जड काम करणाऱ्याला ३४७० सांगितले आहेत. फरक १३६० चा. त्यातून २८ टक्के वजा केले तरी ९८० च्या आसपास उरतात, म्हणजे दोन भरपेट जेवणे. 'कष्ट करणाऱ्यालाही तेवढेच अन्न पुरते' असा अर्थ कोणी या पुस्तकातून काढला तर तो साफ चुकीचा ठरेल, आणि लेखकाने तसे ठळकपणे बजावायला हवे होते.

याबाबतीत जुना भारतीय पुरावा हाताशी आहे. जाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या २१३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हलक्या कामापासून अतिजड कामापर्यंत जावे तसा आहार वाढत गेला आणि वजने जवळपास सारखी राहिली. ही माणसे जाळलेले उष्मांक परत खात होती, कोणी न शिकवता. गंमत बैठ्या लोकांत दिसली. ते हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही भारी होते. आहाराची नोंद विचारून केलेली असल्याने आकड्यांवर फार भार देऊ नये, पण आलेखाचा आकार विसरण्याजोगा नाही.

आता आपल्या गृहस्थांकडे वळू. ताशी ५ किलोमीटर चालताना ७० किलोचा माणूस सुमारे २४५ उष्मांक खर्च करतो. त्यातले ७० तो नुसता बसून राहिला असता तरी गेलेच असते. राहिले १७५. त्यावर २८ टक्के काटकसर धरली तर १२६. एका संध्याकाळला सरासरी लावणे ढोबळ आहे हे मान्य, पण दिशा बरोबर आहे. घड्याळाने सांगितलेले ३०० मुळातच फुगीर होते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात उपकरणे तपासली, तेव्हा उष्मांकांच्या बाबतीत सर्वात चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सर्वात वाईटाची ९३. म्हणजे वडापाव खाल्ल्यावर ५०० ची तूट ३२६ वर आली. आणि मूळचा हिशेब करतानाच त्यांनी 'मी रोज चालतो' असे सांगून वरचा गुणक घेतला असेल, तर तेच चालणे दोनदा मोजले गेले. मग तूट २०० च उरते. खाल्लेल्याची नोंद अचूक असते असेही नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये, कमी खाऊनही वजन घटत नाही असे म्हणणाऱ्या दहा जणांची तपासणी झाली, तेव्हा त्यांनी आहार सरासरी ४७ टक्के कमी आणि हालचाल ५१ टक्के जास्त सांगितल्याचे आढळले. ते खोटे बोलत होते असे आम्ही म्हणणार नाही. आमटीतल्या तेलाचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही.

तेव्हा अशा माणसाने चालण्याचे उष्मांक परत खाऊ नयेत, हा पाँट्झर यांच्या विचारातून निघणारा सल्ला आम्हाला पटतो. वजनासाठी आहार आणि आरोग्यासाठी व्यायाम अशी त्यांनी केलेली कामाची वाटणीही ढोबळमानाने योग्य आहे.

परंतु शाळेच्या मैदानावर वेगळी माणसे असतात. धावण्याचा कसून सराव करणारी ५० किलो वजनाची एखादी मुलगी घ्या. चरबी वजा जाता तिचे वस्तुमान ४० किलो धरू. ती १८०० उष्मांक खाते आणि सरावात ६०० घालवते. उरलेले १२०० भागिले ४०, म्हणजे दर किलोमागे ३०. क्रीडावैद्यकात ही धोक्याची रेषा मानतात. तिच्या खाली काही दिवस राहिले तरी प्रजननसंस्थेला चालना देणाऱ्या संप्रेरकाचे स्पंदन बिघडते, हे २००३ साली प्रयोगाने दाखवले गेले. असेच चालू राहिले तर पाळी अनियमित होते, हाडे कच्ची राहतात. तिने सडपातळ होण्यासाठी आहार १५०० वर आणला तर आकडा २२.५ होतो. पाँट्झर ज्याला काटकसर म्हणतात ती हीच. आरामखुर्चीतल्या माणसात ती कदाचित हितकारक असेल, दाह कमी करणारी असेल, आणि लेखकाने ती बाजू उत्तम रंगवली आहे. या मुलीच्या बाबतीत ती हाडांतून वसूल होते. अतिसरावाचे हे टोक त्यांना ठाऊक आहे, पुस्तकात त्याची चर्चाही आहे. पण तिला मिळालेली जागा आम्हाला अपुरी वाटते, कारण जे वाचक व्यायामाच्या नादाने हे पुस्तक हाती घेतील त्यांतले बरेच याच टोकाच्या जवळ असतात. या मुलीने सरावाचे ६०० उष्मांक परत खाल्लेच पाहिजेत, आणि ते डब्यात भरून मिळतात की नाही हे क्रीडाशिक्षकाने पाहायला हवे.