वंशावळीतील रिकामी जागा : यादव प्रशस्ती आणि आमणदेव

राजप्रशस्तीकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची सवय मराठी संशोधनात दृढ झालेली आहे. प्रशस्तीतील अतिशयोक्तीचे कवच फोडले की आत वस्तुस्थितीचा गर मिळतो, असे या वाचनात गृहीत धरलेले असते. परंतु प्रशस्ती हा एक वाङ्मयप्रकारही आहे आणि त्याला स्वतःचे कथनसंकेत आहेत. त्यांतील सर्वांत प्रभावी संकेत म्हणजे वंशानुक्रम. एकामागून एक येणारी राजनामे सत्तांतराला निसर्गक्रमाचे रूप देतात. हा क्रम जेथे तुटतो तेथे प्रशस्ती काय करते, हे पाहण्यासाठी देवगिरीच्या यादवांचे उदाहरण बोलके ठरते.

सिंघणाचा पुत्र जैतुगी पित्याच्या हयातीतच मरण पावल्याने इ. स. १२४६च्या सुमारास नातू कृष्ण गादीवर आला. कृष्णानंतर, १२६०-६१च्या सुमारास, राज्य त्याचा पुत्र रामचंद्र याच्याकडे न जाता धाकटा भाऊ महादेव याच्याकडे गेले. रामचंद्र तेव्हा अल्पवयीन असावा, हे याचे रूढ स्पष्टीकरण अनुमानावर आधारलेले आहे. महादेवानंतर त्याचा पुत्र आमण राजा झाला आणि १२७१मध्ये रामचंद्राने त्याला पदच्युत केले. येथे दोन तत्त्वे समोरासमोर येतात : ज्येष्ठ शाखेचा हक्क आणि राज्य करीत असलेल्या राजाच्या पुत्राचा हक्क. कोणत्या तत्त्वाने पाहावे यावर आमण वारस ठरतो की अपहर्ता, हे अवलंबून आहे.

हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तील व्रतखंडाच्या आरंभी येणारी राजप्रशस्ती महादेवाच्या पराक्रमाचा गौरव करते. कोकणच्या शिलाहार सोमेश्वराचा पाडाव हा त्यातील ठळक प्रसंग. महादेवाच्या राजपदाविषयी या रचनेला शंका नाही. ती असणे प्रकाराच्या स्वभावातच बसत नाही. पुढे हाच हेमाद्री रामचंद्राच्याही सेवेत दिसतो. एकाच अधिकाऱ्याने पित्याची स्तुती करावी आणि पुत्राला हटविणाऱ्याची चाकरी करावी, यात केवळ वैयक्तिक निष्ठेची चंचलता पाहणे अपुरे आहे. प्रशस्ती व्यक्तीशी नव्हे, आसनाशी बांधलेली असते.

रामचंद्राच्या शके ११९३ (इ. स. १२७१) मधील पैठण ताम्रपटात मात्र आमणाचे नाव येते, आणि त्याच्यापासून बळाने राज्य घेतल्याचा अभिमानही येतो. ही संहिता म्हणूनच अंतर्विरोधाने भारलेली आहे. रक्ताचा हक्क निर्विवाद असता तर बळाची ग्वाही अनावश्यक ठरली असती. आणि बळच प्रमाण मानले तर कृष्णपुत्रत्वाचा उल्लेख निरर्थक ठरतो. दोन्ही समर्थने शेजारी ठेवून ताम्रपट आपली अस्वस्थता अजाणता उघड करतो. आमण येथे आहे, पण केवळ कर्म म्हणून. कर्ता होण्याची संधी त्याला कोणतेच वाक्य देत नाही.

महानुभाव परंपरेतील कथेने ही पोकळी वेगळ्या रीतीने भरली. आमण नृत्यगायनाचा शौकीन होता, म्हणून रामचंद्र व त्याचे साथी कलावंतांच्या वेषात किल्ल्यात शिरले, असे ती सांगते. ही कथा घडली की नाही, यापेक्षा तिचे कार्य महत्त्वाचे आहे. ती हक्काचा प्रश्न स्वभावाच्या प्रश्नात रूपांतरित करते : रंजनात गुंगलेला राजा गादी गमावण्यास पात्रच होता, असे श्रोत्याला वाटू लागते. शिवाय खरा वारस सोंग घेऊन येतो आणि सिंहासनावरचा राजा प्रेक्षक बनतो, ही उलटापालट वारसाहक्काच्या मूळ संदिग्धतेचीच खूण आहे.

शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ‘ज्ञानेश्वरी’च्या समारोपात यदुवंशीय रामचंद्राचा आदराने उल्लेख येतो. अवघ्या एकोणीस वर्षांत वाद मावळला होता. निदान काव्याच्या पातळीवर तो अदृश्य झाला होता. या उल्लेखाला न्याय्य राज्याचा पुरावा मानणारे वाङ्मयेतिहासकार प्रशस्तीचा संकेत आणि साक्ष यांतील भेद विसरतात. ज्ञानदेवांचा उद्देश राजवंशाचा निवाडा करणे हा नव्हताच. रचनेचा स्थलकाल सांगण्याच्या प्रथेत राजनाम येते आणि तेथे जिंकलेल्याचेच नाव येऊ शकते.

तेव्हा आमणाला न्याय देणे हे समीक्षेचे काम नव्हे. त्याची बाजू सांगणारी संहिताच हाती नाही. परंतु यादवकालीन वाङ्मय वाचताना वंशावळीचा अखंडपणा हा रचनेचा परिणाम आहे, वस्तुस्थितीचा नव्हे, एवढे भान ठेवले तर त्या गुळगुळीत क्रमातील रिकामी जागाही वाचता येते.