नकलेची लय

गेल्या महिन्यांत सदाशिव पेठेंतील एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. त्यांच्या चिरंजीवांनीं संगणकावर एम्युलेटर, म्हणजे जुन्या खेळयंत्राचें सोंग वठविणारी आज्ञावली, बसवून ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा 1985 चा खेळ लावला होता. कोजी कोंडो यांचें संगीत सुरू झालें, तोंच स्नेही चमकून म्हणाले, “अरे, हें इतकें धांवतें कां?” चिरंजीवांच्या मतें अस्सल तें हेंच, बाबांची आठवण खोटी. आम्हांस बाबांची बाजू घ्यावीशी वाटते, आणि ती केवळ वयाचा मान म्हणून नव्हे.

1990 नंतरच्या दशकांत आपल्याकडील बहुतेक घरांत जें यंत्र आलें, तें निन्टेन्डोचें नव्हतें. त्या कंपनीच्या 1983 सालच्या ‘फॅमिकॉम’ची ती नक्कल होती. या खेळांतील संगीत चित्राच्या ठोक्यावर चालतें. जपान-अमेरिकेंतील टीव्हीवर असे ठोके सेकंदास सुमारें 60 पडत. आपल्या पाल पद्धतींत 50. पालसाठीं नक्कल करणारांनीं चिपचा वेग जवळजवळ मूळचाच ठेवला, म्हणून स्वर ढळला नाहीं. लय मात्र सहाव्या हिश्श्यानें उतरली. 78 फेऱ्यांची तबकडी सावकाश फिरविली तर गवयाची पट्टीहि खालीं येते. येथें गवई तोच, पट्टी तीच, फक्त तबलजीनें ठेका ओढून धरला आहे!

आवाजाच्या जातींतहि फरक पडतो. मूळ चिपमध्यें पांच आवाज: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी, एक खरखरीचा, एक सांठविलेल्या ध्वनीचा. चौकोनी लहर अर्धी रुंद असेल तर नाद पोकळ, पाव असेल तर तीक्ष्ण. कांहीं नकलांत या दोहोंची चक्क अदलाबदल झालेली आहे.

एम्युलेटर रचणारांचे परिश्रम थोर आहेत, यांत शंका नाहीं. कोंडो यांच्या रचनेचें मोल ठरवावयाचें तर त्यांनीं योजिलेली 60 ची लयच ऐकली पाहिजे. परंतु एकाच कर्ण्यांतून येणाऱ्या आवाजास दोहों बाजूंस फांकवून वर घुमारा चढविण्याची जी सोय कांहीं एम्युलेटरांत असते, ती आम्हांस मुळींच रुचत नाहीं. तसें त्या यंत्रावर कोणींच ऐकलें नव्हतें. उलट, ओढलेली लय हजारों घरांनीं ऐकली. ती खोटी कशी? तिचीहि सोय कित्येक एम्युलेटरांत आहे. पण तिचें नांव ‘डेंडी’, रशियांत 1992 पासून विकल्या गेलेल्या नकलेवरून पडलेलें. पुण्याच्या बाळपणास रशियन नांवानें हांक मारावी लागते, याची मौज वाटते आणि थोडा विषादहि.

तापकीर गल्लींतून अडॅप्टर आणून स्नेह्यांनीं माळ्यावरचें जुनें यंत्र लावून पाहिलें. पडद्यावर नुसत्या मुंग्या. अखेर चिरंजीवांनीं एम्युलेटर ‘डेंडी’वर आणला. बाबांनीं मांडीवर ताल धरला, “हां, हेंच!” म्हणाले, आणि त्या भरांत मारिओ पहिल्याच खड्ड्यांत गेला.